कागदावर निकामी

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात रोज काय चालतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच : गंज काढणं. कोल्हापुरातल्या माझ्या दुकानात बहुतेक बंदुका येतात त्या शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या. 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून शाळकरी पोरांच्या एअर रायफलीही वाढल्यात. निवडणूक लागली की लोकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि मतमोजणी झाली की थेट माझ्याकडं येतात, कारण ओलीच्या खोलीत त्या महिनोन्‌महिने एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. मालक कळवळून सांगतो, "दिली तेव्हा चकचकीत होती हो." असणारच. पण ठाण्यातल्या पावतीवर चकचकीत असं लिहायला रकाना नसतो.

रविवारचं मात्र वेगळं. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं आणि आत आमची मंडळी. मास्तर म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक, तलवारीवर जीव. डॉक्टर दातांचे, त्यांचा संग्रह अडकित्त्यांचा आणि चाकूंचा. कुठलंही पातं हातात आलं की पहिल्यांदा टेप लावतात, कारण 9 इंचांच्या पुढं गेलं की कायद्यात बसत नाही आणि बायकोच्या कायद्यात तर 3 इंचही बसत नाही. मिस्त्री सुतार, जुने रंधे जमवतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी उचललेला शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा रंधा रविवारी टेबलावर ठेवायचा आणि मास्तरांना डिवचायचं, "तुमच्या तलवारीनं आजपर्यंत एक फळी तरी सरळ झाली का?" मास्तरांचं उत्तर ठरलेलं : "तुझ्या रंध्यानं एक तरी गड राखला का?" चौथा इचलकरंजीचा पोरगा. त्याचं वर्कशॉप आहे, मोबाइलवर गंजक्या वस्तू नव्या करण्याचे व्हिडिओ बघून त्याला हा नाद लागला. पोरगा गुणी आहे, फक्त त्याच्या हाताला कायम काहीतरी तापवायचं असतं.

त्या रविवारी पुण्याहून एकजण आला. चाळिशीचा, आयटीतला. कोल्हापूर-सांगलीच्या मधल्या एका गावात त्यांचा वाडा होता, तो विकायला काढलेला. माजघरात आढ्याखाली टांगलेली बंदूक त्याला फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायची होती. सोबत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एका कचेरीचा कागद : बंदूक जुन्या बनावटीची, गंजलेली, दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, सबब निकामी. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात अशा शस्त्राला सूट आहे, म्हणून तो कागद सोन्याच्या मोलाचा. "फक्त जरा पॉलिश करून द्या," तो म्हणाला. "शिवकालीन आहे."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "शिवकालीन? हे बघा, घोड्याखाली हे बोंड आहे ना, ह्याच्यावर केप बसते, घोडा पडला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. ही पद्धत ब्रिटिश फौजेत 1840 च्या आसपास आली. अफझलखानाच्या वेळी काय केप पोस्टानं मागवल्या होत्या?"

बिचारा हिरमुसला. पण हे रोजचंच आहे. मध्यंतरी सरकारनं लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार घेतली. तिच्या पात्याच्या पाठीवर देवनागरीत नाव आहे हे पेपरात आल्यापासून गावोगावचे लोक आजोबांची तलवार घेऊन येतात आणि पाठीवर भिंग धरायला लावतात. तिथं गंजाशिवाय काही नसलं की माझ्याकडंच संशयानं बघतात.

मग बंदूक टेबलावर आली आणि तासभर आमची जत्रा भरली. चापाच्या पट्टीवर एक प्राणी कोरलेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर मागच्या पायांवर उभा राहिलेला, पंजात मुकुट धरलेला सिंह असायचा. हाही तसाच उभा होता, पण तोंडावरून मांजर वाटत होता. डॉक्टर म्हणाले, "नक्कल आहे. इथल्याच कुणा लोहारानं खऱ्या बंदुकीवरून कोरलाय, आणि त्यानं जन्मात सिंह बघितलेला नाही." मास्तरांना ते मान्य नव्हतं. त्यांना 1844 चा गडकऱ्यांचा उठाव दिसायला लागला होता, सामानगड, पन्हाळा. तो जमला नाही तर 31 जुलै 1857 ची रात्र, कोल्हापुरात 27 वी पलटण उठली ती. मिस्त्रीनं दस्त्याचा वास घेतला, शिसवीची पाचर दाखवली आणि जाहीर केलं की लोहार कसाही असो, सुतार चांगला होता. इचलकरंजीकरानं तोवर घोडा ओढून ओढून त्याची स्प्रिंग जिवंत आहे हे सगळ्यांना ऐकवलं. खट्. खट्. मी हात धरला.

नळी 39 इंच, तोंडाशी 19 मिलिमीटर. म्हणजे मापं तरी कंपनीच्या बंदुकीची. केपेचं बोंड गंजानं पार बुजलेलं, कान, म्हणजे ठिणगी आतल्या दारूपर्यंत नेणारं भोक, बंद. कागद लिहिणाऱ्यानं बहुधा एवढंच बघितलं असावं : कान बंद, म्हणजे बंदूक बंद.

पोरानं पिशवीतून गॅसची टॉर्च काढली. "नळीचा मागचा बूच तापवू या. लाल नाही, नुसता निळा होईस्तोवर. गंज सुटतोय बघा." त्यात चूक काही नाही, अडकलेला बूच असाच सोडवतात. पण आमच्याकडं वडिलांपासून एक रीत आहे. ठासणीची कुठलीही बंदूक आली, मग ती देवाच्या खोलीतून का आलेली असेना, आधी गज.

गज पितळेचा, लोखंडाचा नव्हे, ठिणगी नको म्हणून. नळीत सोडायचा, थांबेल तिथं थांबू द्यायचा, तोंडाशी अंगठ्याच्या नखानं खूण धरायची. मग बाहेर काढून नळीलगत बाहेरून तेवढाच धरायचा. रिकाम्या नळीत गजाचं टोक कानाच्या जवळपास येतं. इथं ते अडीच इंच अलीकडंच थांबलं.

"कुंभारणीचं घर असेल," डॉक्टर म्हणाले. तसं होतं खरं, भिंतीवरच्या नळीत ती माशी हमखास चिखल भरते. म्हणून गज पुन्हा सोडला आणि हलकेच दोनदा ठोकला. चिखल असला तर गज खरखरतो आणि टोकाला माती येते. बूच असला तर खणखण वाजतो. इथं आवाज आला नाही, मऊ धप्प झालं, आणि गज किंचित वर उडाला.

मी नळीचं तोंड भिंतीकडं वळवलं आणि पोराला टॉर्च बाहेर गाडीत ठेवायला सांगितलं. "का?" म्हणाला. "कारण बार भरलाय." मग दुकानात कुणीच विनोद केला नाही. पुण्याच्या त्या माणसानं विचारलं, "पण कागदावर निकामी लिहिलंय ना?" मास्तर म्हणाले, "दारूला वाचता येत नाही." त्याच्या दोन्ही मुली लहानपणी ती बंदूक काढून खेळायच्या, हे त्यानं नंतर सांगितलं.

काळ्या दारूत 75 भाग सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर तिला वय नसतं. पाणी लागलं की सोरा विरघळतो आणि उरतो नुसता चिखल. म्हणून नळी उभी करून तोंडातून पाणी भरलं, रात्रभर ठेवली. सोमवारी दुकान बंद असतं, तरी सगळे हजर. डॉक्टरांनी पेशंट पुढं ढकलले होते.

पितळी गजाच्या टोकाला मळसूत्री पेच लावला, बाटलीच्या बुचात घालतात तसला. बंदूक शिकंज्यात आडवी, तोंड मोकळ्या भिंतीकडं, मी बाजूला. पेच फिरवत आत नेला, धरलं म्हणून वाटलं, ओढला, सुटला. पुन्हा. ह्या कामात जोर लावायचा नसतो, मनगट सैल ठेवायचं आणि धागा कुठं गुंततोय ते बोटांना कळू द्यायचं. शेवटी काथ्याचा एक बोळा आला, भिजून काळा झालेला. मागोमाग ताटलीत पडले ते छर्रे नव्हते. शिशाचे छिन्नीनं तोडलेले तुकडे, घोड्याच्या नालाचे दोन मोडके खिळे, आणि एक लोखंडी रिव्हेट.

त्याच्या मागं कापडाचा बोळा. मेणात बुडवून ठासलेला, इतका पक्का की रात्रभरचं पाणी त्याच्या अलीकडंच थांबलं होतं. तो निघाला तेव्हा मागची दारू कोरडी होती. काळे, चकाकणारे दाणे, कालच भरल्यासारखे. चिमूटभर फरशीवर ठेवून लांब काडीनं पेटवले. फस्सकन उजेड झाला आणि दुकानभर दिवाळीचा वास. उरलेली दारू तिथंच पाण्यात घातली. पोरगा माझ्याकडं बघत होता. टॉर्चबद्दल मी काही बोललो नाही, तोही नाही.

कापड डॉक्टरांनी चिमट्यानं उलगडलं. निळ्या पट्ट्यांचं सुती कापड, एका कडेला शिवण. त्यांनी भिंग लावलं. "मी रोज टाके घालतो. हे हाताचे नव्हेत. वरून एक दोरा, खालून एक, मशीनची शिलाई आहे." मास्तरांनीही बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. 1844 गेलं, 1857 गेलं. सामानगडच्या गडकऱ्यांकडं शिलाई मशीन नव्हतं. मास्तर मनापासून दुखावले होते. माणूस चांगला, फक्त त्यांना प्रत्येक बंदूक सरकारविरुद्धच हवी असते.

आता माझ्या धंद्यातलं. बार कशासाठी भरलाय ते माल सांगतो. पाखरासाठी बारीक छर्रे. डुकरासाठी एक गोळी, कारण तुकडे त्याच्या कातड्यात अडकतात आणि ते उलट अंगावर येतं. तोडलेलं शिसं, खिळे, रिव्हेट हा माल लांब जात नाही, पाच-सहा पावलांत पसरतो. दार उघडलं आणि समोर एकाहून जास्त माणसं असली, तर त्यासाठी असा बार भरतात. हे मी मंडळींसमोर बोललो नाही. पण मिस्त्री ताटलीकडं बघत म्हणाला, "हे जनावरासाठी न्हाई."

पुणेकर शेजारीच उभा होता. त्यानं तिथूनच आत्याला फोन लावला. त्या पंच्याऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. स्पीकरवर होत्या. बंदूक म्हणताच लगेच म्हणाल्या, "अरे ती ना, अण्णा दारात घेऊन बसले होते. गांधीजींना मारलं त्या वर्षी."

1948 च्या त्या फेब्रुवारीत आमच्या भागात ब्राह्मणांची किती घरं जळली ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. सांगितलंही जात नाही फारसं. मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण वर्गात हा विषय कधी काढला नाही, हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

आत्या पुढं म्हणाल्या, "मागच्या दारी गावातलेच चार जण बसले होते राखणीला, म्हणून वाडा वाचला. आणि अण्णांची बंदूक मेली रिकामीच होती. नुसती दाखवायला. आई नेहमी सांगायची, ह्यांच्यानं उंदीर मारवला नाही, बंदूक कसली भरतात."

पुणेकरानं माझ्याकडं बघितलं. "भरलेली होती" असं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग "बरं आत्या, दिवाळीला येतो" म्हणाला.

खरं सांगायचं तर बारावर तारीख नसते. अण्णांनीच भरला असेल असंही नाही. वाडा सोडून जाताना कुणी भरला असेल, नंतर चोरांच्या भीतीनं कुणी भरला असेल, राखणीला बसलेल्या चौघांपैकी कुणी न विचारता भरला असेल. शिलाई मशीन एवढंच सांगते की फार जुनं नाही. आणि ज्यानं कुणी भरला त्यानं मेण लावून, मन लावून भरला होता. घाबरलेल्या माणसाचं काम असं नसतं. घाईत भरलेला बार मी बघितलाय, त्यात बोळा तिरका असतो.

बंदूक मी बूच सोडवून, आतून स्वच्छ करून, कान बुजलेलाच ठेवून दिली. कागद आता खरा झाला. रजिस्टरला नोंद केली. कागद देणाऱ्या कचेरीला कळवावं का, असं डॉक्टर म्हणाले. कळवलं. पोच आली, "आवश्यक कार्यवाहीसाठी". पुढं काही नाही. तपासणीत एक गज घालायला अर्धं मिनिट लागतं.

शिसं, खिळे, रिव्हेट आणि कापड पुणेकरानं नेलं नाही. म्हणाला, सध्या तुमच्याकडंच असू दे. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला : कापडाचा फोटो पाठवा, आत्याला दाखवावा म्हणतो, कुणाचं आहे ते ती ओळखेल.

रविवारी विषय निघालाच. मास्तर म्हणाले, पाठव, आहे ते आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात कशाला, तिच्या आईनं जे सांगितलं तेच राहू दे. इचलकरंजीकर म्हणाला, फोटो पाठवा पण फक्त कापडाचा, मालाचा नको. मिस्त्रीनं रंध्याचं पातं घासता घासता मला विचारलं, "आणि म्हातारीनं उलटं विचारलं, 'कुठं सापडलं', तर?"

मी पुणेकराला अजून उत्तर दिलेलं नाही. दिवाळीला वेळ आहे.