दंडाचा पट्टा आणि क्लास टू मेडिकल

माझं बीपी घरी १२४ आणि डॉक्टरसमोर १५६. यातलं खरं कोणतं, हे ठरवण्यात दोन महिने गेले.

झालं असं, की ४६व्या वर्षी मला विमान शिकायची हुक्की आली. पोटापाण्यासाठी नाही. शनिवार-रविवारी बारामतीला जायचं, छोट्या सेस्नावर हात बसवायचा आणि प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचं, बस. त्याला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, क्लास टू मेडिकल (आरोग्य तपासणीचं सर्टिफिकेट) लागतं. एअरलाइनवाल्यांचं क्लास वन याहून कडक. तपासणी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. वीस वर्षांच्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट इथे कामाचं नाही.

रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान हे एका सकाळी उरकलं. रंग ओळखायला ठिपक्यांच्या पाट्या दाखवतात. पहिल्या पाटीवरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, परीक्षा दुसरीपासून सुरू होते. तीही पार पडली. मग दंडाला पट्टा बांधला. १५६/९६. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं तर १५८! हवं होतं १४०/९०च्या आत. "असंच पाठवलं तर टेंपररी अनफिट येईल," डॉक्टर म्हणाले, "आधी चोवीस तासांचं रेकॉर्डिंग करून या."

घरी आईचा शेरा: "एवढं प्रेशर आहे तर विमान कशाला हवं, तसाच उडशील."

एका मित्राने सल्ला दिला, पुढच्या वेळी सकाळीच एक गोळी घेऊन जा, कोणाला कळतंय? पण फॉर्मवर आजार आणि चालू औषधं लिहून खाली आपलीच सही असते. शिवाय बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही उडता येतं. औषध चालणारं हवं, बीपी आटोक्यात हवं आणि कागद सरळ हवेत. लपवाछपवी कशाला?

तर ते चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र. कमरेला डबी, दंडाला पट्टा, दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने फुगणार. फुगताना हात सैल सोडून स्थिर ठेवायचा, बोलायचं नाही. कोथरूडहून ऑफिसला निघालो आणि नेमका म्हात्रे पुलावर पट्टा आवळायला लागला. स्कूटर कडेला घेतली, हात लोंबता सोडला, समोर बघत पुतळ्यासारखा थांबलो. मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, अटॅक आला का?" बोलायची बंदी, म्हणून नुसती मान हलवली. त्याने ती होकारार्थी घेतली आणि रिक्षातून उतरला. त्याची समजूत काढेपर्यंत पुढच्या रीडिंगची वेळ होत आली! रात्री दर तासाला घुर्रर्र. बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली.

रिपोर्ट पाहून हसू आलं. पहिल्या तासात, म्हणजे क्लिनिकमधून बाहेर पडेपर्यंत, १५२. त्यानंतर उतार. चोवीस तासांची सरासरी १२२/७६, झोपेत त्याहून कमी. म्हात्रे पुलावर फक्त १३१! याला व्हाइट कोट म्हणतात: पांढरा कोट दिसला की बीपी चढतं. हृदयरोगतज्ज्ञांनी इको आणि ट्रेडमिल टेस्ट करून पत्र दिलं. ते जोडून कागद दिल्लीला गेले, कारण शेवटचा शिक्का डीजीसीएचा. हा खर्च आपल्याच खिशातून, हे सांगायला नकोच.

माझ्यासारख्यांना एकच सांगेन. तपासणीला जाण्याआधी घरच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून "घरी नॉर्मल असतं हो" हे माझं वाक्य त्यांनी रोज दहा जणांकडून ऐकतो अशा चेहऱ्याने ऐकलं.

अखेर सर्टिफिकेट आलं. बीपीचा त्यात उल्लेखही नाही. एक अट मात्र होती: चष्मा लावायचा आणि दुसरा जवळ ठेवायचा. त्या शनिवारी पहाटे पाचला निघून पाटसमार्गे बारामती गाठली. इन्स्ट्रक्टरने कागद वाचला आणि विचारलं, "सर, स्पेअर चष्मा?"

तो कोथरूडला, टीव्हीच्या टेबलावर होता.