रोजचे तीन दोरे: गोधडीचा १३५वा दिवस

परवा संक्रांत झाली, गोधडीला बरोबर १३५ दिवस झाले. तान्हा पोळ्याच्या दिवशी सुरू केली होती, बाहेर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन बोजारा (खाऊचे पैसे) मागत फिरत होते आणि मी हॉलमध्ये फरशीवर चादर अंथरून बसले होते, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. त्यातले २५ दिवस सुई हातात घेतलीच नाही, दिवाळी, पाहुणे, लेकीचा ताप, ऑफिसचं क्लोजिंग. बाकी सगळे दिवस झालेत. आज चौदा फेरे पूर्ण.

आधी माझा नियम सांगते कारण मागच्या वेळी बऱ्याच जणींनी विचारलं होतं की नोकरी करून जमतं कसं. मी वेळ मोजत नाही, दोरे मोजते. खांद्यापासून मनगटापर्यंत मापून दोरा तोडायचा, असे तीन, जेवणं झाली ओटा आवरला की बसायचं आणि तीन दोरे संपले की सुई उशीत टोचून उठायचं. एका दोऱ्यात साधारण तेरा-चौदा इंच धावदोरा होतो, म्हणजे रोज ४० इंच, अर्धा तास लागतो. यापेक्षा लांब दोरा घेऊ नका हो, प्रत्येक टाक्याला तो कापडातून घासत जातो, शेवटी शेवटी पिंजून जातो आणि गाठी पडतात ते वेगळंच. दोरा मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घेतला की गुंता जवळपास बंदच होतो.

आता गोधडीबद्दल. माप ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० इंच बाय ८४. चार थर. वरचे दोन थर आजीच्या हिरव्या नऊवारीचे, तिसरा आईच्या दोन मऊ सुती साड्यांमधल्या एकीचा, आणि सगळ्यात खाली आजोबांची चादर. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस या कापडाच्या मिलमध्ये होते. ती मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, आता तिथे मॉल उभा आहे, पण आमच्या घरात त्या काळची ही एक जाडजूड पांढरी चादर राहिली होती, किती वर्षं कपाटात वरच्या फळीवर पडून होती. मी उजेडात धरून बघितली तर वीण अजून घट्ट, एक भोक नाही. तेव्हाच ठरलं की हिला खाली लावायचं, रोज अंगाला लागेल.

नऊवारीचा हिशोब खूप छान बसतो, ज्यांच्याकडे लुगडी पडून आहेत त्यांनी लिहून ठेवा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. ६२ इंचाचे तुकडे फाडले तर पाच निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर होतो, तसे दोन थर होऊन एक तुकडा उरतो, तो ठिगळांना. सहावारीतून तीन तुकडे निघतात, म्हणजे एक थर आणि एक तुकडा वर. काठाला काठ जोडल्यामुळे गोधडीच्या बरोबर मधून आडवे दोन मरून काठ शेजारी शेजारी जातात, ते इतकं देखणं दिसतं की मी वरून तिथे एकही ठिगळ लावलं नाही.

पण इथेच एक चूक झाली. दोन्ही नऊवारीच्या थरांचे जोड एकावर एक आले. जोडात कापड दुमडलेलं असतं, त्यात काठाची वीण मूळचीच घट्ट, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात त्या जागी आलं की सुई पुढे जातच नाही. तिथे मी आता एकेकच टाका घेते, वरून खाली, खालून वर, आणि सुई ओढायला फुटलेल्या फुग्याचा तुकडा चिमटीत धरते, रबरामुळे पकड मस्त येते. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) हवंच. तुम्ही करणार असाल तर एका थराचा जोड मधात आणि दुसऱ्याचा वीतभर सरकवून घ्या, त्यासाठी एक तुकडा लहान-मोठा करावा लागतो पण पुढचे पाच महिने बोटं सुखी राहतात.

कापड निवडताना मी प्रत्येक साडी खिडकीसमोर धरून बघितली. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं. मग दोन्ही हातांनी आधी उभं ताणायचं, मग आडवं, चर्रर्र आवाज आला तर ती साडी वरच्या थराला नाही चालत, आत चालते. आत तर विरलेलं कापडच बरं, सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. एक मात्र करू नका, सुतीच्या मधे टेरिकॉट किंवा सिंथेटिक साडी. सुती कापड धुतल्यावर आटतं, ती आटत नाही, शिवाय आतल्या आत सरकते, दोन धुण्यांत सगळी गोधडी चुण्याचुण्यांची होते. आणि सगळं कापड आधी गरम पाण्यात भिजवून स्टार्च काढून घ्या, आईच्या साडीतून दोन बादल्या पांढरं पाणी निघालं.

फेऱ्यांचं गणित मला या वेळी कळलं आणि मला ते फार आवडलं. आपली गोधडी बाहेरून आत शिवत जातात, कडेला पहिला फेरा, मग त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं करत मधात. मी पाऊण इंचाचं अंतर ठेवलंय. पहिला फेरा २८८ इंचाचा, म्हणजे चोवीस फूट! माझ्या तीन दोऱ्यांच्या हिशोबाने त्या एका फेऱ्याला सात दिवस लागले, आणि कोपऱ्यात उभं राहून बघितलं तर गोधडीवर काही झाल्यासारखं दिसतच नाही. इथेच बरेच जण सोडून देतात असं मला वाटतं. पण पुढचा प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा सहा इंचांनी लहान होत जातो. आता चौदा फेरे झाले तर कडेपासून फक्त साडेदहा इंच आत आलेय, डोळ्यांना वाटतं अजून सगळंच राहिलंय, पण मधात उरलेला चौकोन मोजला तर ३९ बाय ६३, म्हणजे क्षेत्रफळाने अर्ध्याहून जास्त काम झालेलं आहे! पूर्ण गोधडीला ५७० फूट धावदोरा लागणार आहे. ज्या दिवशी हे कागदावर मांडलं त्या दिवशी मी तीनऐवजी पाच दोरे घातले.

आता झोळाची गोष्ट. अकरावा फेरा संपत आला तेव्हा मधात कापड फुगल्यासारखं दिसायला लागलं. आधी वाटलं इस्त्री केली की बसेल. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, त्यांनी गोधडीवर नुसता तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "काऊन वं बाई, मधात झोळ येऊन रायला. कच्चे टाके नाही टाकले का?"

"टाकले ना आजी, कडेकडेने टाकले."

"कडेले टाकून काय होते? कड तं तू शिवूनच रायली. मधातलं कापड सरकते, त्याले धरून ठेवा लागते. आमच्या टायमाले आंगण सारवून वाळलं का त्याच्यावर पसरत होतो, चार जणी चार कोपऱ्याले धरून."

मी त्यांना विचारलं उसवू का, तर त्या म्हणाल्या, "आता उसवशीन तं तीन फेरे, मंग उसवशीन तं सारी."

तर उसवले. नववा, दहावा, अकरावा, मिळून ७०२ इंच, साडेसतरा दिवसांचं काम, आणि उसवायलाच चार दिवस लागले कारण मला कापड दुखवायचं नव्हतं, प्रत्येक चौथा टाका कात्रीच्या टोकाने तोडून मागच्या बाजूने दोरा ओढत गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उसवलेल्या ओळीत कापडावर सुईची बारीक बारीक भोकं दिसत होती, ओल्या फडक्याने पुसून उन्हात टाकली तर संध्याकाळपर्यंत बरीचशी मिटली. सुती कापडाचं हे मला फार आवडतं.

मग रविवारी सोफा सरकवून गोधडी फरशीवर पसरली, कडा चिकटपट्टीने फरशीला लावल्या, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन तांदळाचे डबे ठेवले. मधातून बाहेर तळहाताने कापड सारत गेले, एकेका थराला. आणि मग कच्चे टाके, पण या वेळी मधातून सुरू करून कडेकडे, आधी अधिक चिन्हासारखे, मग तिरपे, मग वीतवीत अंतरावर उभे-आडवे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: कच्चे टाके आतून बाहेर, पक्का धावदोरा बाहेरून आत. आपण बाहेरून आत शिवत जातो म्हणून जे काही मोकळं कापड असेल ते सरकत सरकत मधातच जमा होणार, त्याला बाहेर पडायला वाट नाही. बाहेरच्या देशांत मधे कापूस घालून क्विल्ट करणारे बहुतेक मधातून कडेकडे जातात ते याचसाठी. तरी मला आपलीच पद्धत प्रिय आहे, कारण कड पहिल्याच आठवड्यात बंद होते, धागे सुटत नाहीत, मांडीवर कशीही गोळा करा. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात ती पण अशीच कडेपासून आत, आणि त्या तर ठिगळं सुद्धा शिवता शिवताच जोडत जातात. त्यांच्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं असतात. मी पण चार लावणार आहे, लेकीच्या पहिल्या फ्रॉकच्या कापडाची.

दोऱ्याचं सांगायचं राहिलं. पर्ल कॉटन ८ नंबर वापरतेय, ५ नंबर जास्त जाड, तो चार थरांतून ओढताना हात भरून येतो. सुरुवातीला एका दुकानातून सुटा लाल दोरा घेतला होता, दुकानदार म्हणाला पक्का रंग आहे. घरी येऊन पांढऱ्या रुमालाच्या ओल्या घडीत दोरा ठेवून वरून गरम इस्त्री दाबली, रुमालावर गुलाबी रेघ उमटली. आजोबांच्या पांढऱ्या चादरीवर तो गेला असता तर मला किती दिवस झोप लागली नसती. प्रत्येक रंगाची ही परीक्षा घ्याच, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक प्रयोग केला. बंगालमध्ये कांथा (तिकडची गोधडी) करताना जुन्या साडीच्या काठातून रंगीत धागे ओढून त्यानेच शिवायचे. मी उरलेल्या तुकड्याच्या मरून काठातून हातभर धागे ओढले. पहिले सहा तर ओढतानाच तुटले. मग काठ किंचित ओला करून सुईच्या टोकाने एकेक धागा सैल करत ओढला तर अख्खा आला, पीळ थोडा सुटलेला, उजेडात धरला तर मधे मधे फिका, जिथे वर्षानुवर्षं निऱ्या दुमडल्या जायच्या तिथे. दोन धागे एकत्र करून मेण लावलं आणि चौदाव्या फेऱ्याचे शेवटचे वीतभर टाके त्या धाग्याने घातले. टिकतील की नाही धुतल्यावर कळेल, पण ते टाके घालताना आजीच्या कडेवर असल्यासारखं वाटलं.

टाक्यांची प्रगती. पहिल्या फेऱ्यात इंचाला कधी तीन तर कधी पाच, पट्टी लावून मोजले. आता सलग चार येतात, न मोजता. कशामुळे, तर मला वाटतं डाव्या हातामुळे. आधी मी डावा हात नुसता कापड धरायला वापरायची. आता खालून मधलं बोट सुईच्या टोकाची वाट बघत असतं, टोक जरासं लागलं की उजवा हात सुई वर वळवतो, बास. चार थरांत एका वेळी सुईवर दोनच टाके घेते, तीन घेतले की खालचे लहान होतात. महिना बदलला की त्या जागी फुलीचा एक टाका घालते, सप्टेंबरची फुली आणि जानेवारीची फुली यांच्या आसपासचे टाके शेजारी ठेवून बघितले तर एकाच हाताचे वाटत नाहीत.

हिवाळ्यात हे काम म्हणजे सुख आहे. सप्टेंबरात मांडीवर चार थर घेऊन घामाच्या धारा लागायच्या, आता शनिवारी गच्चीवर उन्हात बसते, बाजूला संत्र्यांची परडी (शिवताना संत्रं खाऊ नका, हात धुवून मग), जेवढी शिवून झाली तेवढी पायावर, ऊब आपोआप मिळते. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता तेव्हा घरात दोन रजया असून आम्ही सगळे आजीच्या हातच्या जुन्या गोधडीसाठी भांडलो होतो. रजईतला कापूस एका बाजूला जमा होतो, मधे गार राहतं. गोधडी अंगाला बसते. काट्यावर तोलली, कच्च्या टाक्यांसकट सव्वा किलो भरली.

पुढचं. उरलेले २६ फेरे, शेवटचे तर दोन-दोन दिवसांत होतील. होळीपर्यंत बहुतेक होत नाही, उन्हाळा लागला की कूलरसमोर बसून करावी लागेल. मधल्या काठांवर दोरा मरूनच ठेवू की केशरी, यावर अजून ठरत नाहीये, लेक म्हणते केशरी, खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात "काठाले काठाचाच रंग". ज्यांनी गडद काठावर उठून दिसणारा दोरा वापरलाय त्यांनी फोटो दाखवा. तोवर पंधरावा फेरा, सुईच्या नेढ्यात आजचा पहिला दोरा ओवून ठेवलाय, ओटा आवरायचा राहिलाय.