सातबाऱ्याच्या बाहेरची माणसं

आत्महत्या म्हटलं की आपल्या खान्देशात लगेच शेतकरी, कर्ज, पडलेला कापसाचा भाव, वादळानं आडवी झालेली केळी, एवढंच बोलणं होतं. ते खोटं नाहीच. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी जीव दिला, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. पण त्याच वर्षीचा देशाचा एकूण आकडा १,७०,९२४ होता, मग बाकीचे कोण होते? चारातला एक रोजंदारीवाला. सातातली एक घर सांभाळणारी बाई. आणि यांच्याबद्दल पारावर कोणी चकार शब्द काढत नाही, कारण पंचनामा, पात्र-अपात्र, सरकारची एक लाखाची मदत हे सगळं सातबारा आणि कर्जाभोवती फिरतं, आता सातबारा बाईच्या नावावर किती घरांत असतो ते तुम्हीच सांगा. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, त्याच्या नावावर तर काहीच नसतं.

जागा बदलली की दुखणंही बदलतं. २०२२ मध्येच दर लाख माणसांमागं आत्महत्या सिक्कीममध्ये ४३, केरळात २८ च्या वर आणि बिहारमध्ये एकसुद्धा पूर्ण नाही. यात नोंद कशी होते याचाही हात आहे, पोलिसात जायचं नाही, घरातलं घरात मिटवायचं, हे आपणही बघतोच ना. पाश्चात्य देशांत लग्न झालेल्या माणसाला त्यातल्या त्यात आधार असतो असं दिसतं, भारतात बायांच्या बाबतीत तसं दिसत नाही, उलट तरुण लग्न झालेल्या बायाच जास्त जातात. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

कारण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी मी दरवर्षी बघते. झोका, गौराईची गाणी, रसपोळी, सगळं चालू असतं आणि त्यात एखादी गप्प असते. नात्यातली एक अशीच होती, हातात पोळपाट-लाटणं, पण नजर भलतीकडंच. तिची आई मला म्हणाली, काही नाही गं, थकली आहे. रात्री गच्चीवर मी तिला विचारलं, "तुले राती झोप लागस का?" ती रडायलाच लागली. मग मी सरळ विचारलं की मरून जावं असं मनात येतं का, तर हो म्हणाली, आणि पहाटेपर्यंत बोलत राहिली. असं विचारलं तर डोक्यात नसलेला विचार भरतो अशी लोकांना भीती वाटते, तसं होत नाही, डॉक्टर लोक पण हेच सांगतात. तिला लगेच सासरी पाठवलं नाही, जळगावला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू झाल्या. "लोके काय म्हनतीन" हे तिच्या आईनं पहिल्यांदा बाजूला ठेवलं, आणि मला विचाराल तर औषधाइतकंच काम त्यानं केलं. आता तेच तुझं घर, हे वाक्य आपण पोरींना इतक्या वेळा ऐकवतो की परतीचा रस्ता आहे हेच त्या विसरून जातात.

दुसरी गोष्ट फवारणीच्या औषधाची. आपल्याकडं ते पडवीत धान्याच्या कोठीशेजारी नाहीतर खाटेखाली पडलेलं असतं. जीव द्यायची लाट बऱ्याचदा थोडा वेळच असते, तेवढ्या वेळात ते हाताशी नसलं तर माणूस वाचू शकतो आणि वाचलेले बहुतेक पुढं आत्महत्येनं जात नाहीत. श्रीलंकेनं १९९५ पासून जास्त विषारी कीटकनाशकं एकेक करत बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत निम्म्याहून खाली आलं. तमिळनाडूत चेन्नईच्या स्नेहा संस्थेनं गावात सामायिक लॉकर ठेवून बघितले. आमच्या शेजारच्या काकांनी पत्र्याची पेटी खळ्यावर नेऊन ठेवली, कुलूप लावलं, किल्ली भावाकडं. एवढंच.

अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता, गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी नैराश्य ओळखायचं. तसं इथं पाहिजे, पण जसंच्या तसं नको. सातपुड्यात पावरा आदिवासी बाईला, जिची भाषाच वेगळी, मराठीत प्रश्न विचारून काय कळणार, आणि नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली की सहा-सहा महिने गावात कोणी नसतंच, मग घरोघरी जाऊन भेटणार कोणाला? मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेली फोन सेवा आहे, टेली-मानस, तिचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण किती जणांना माहीत आहे?

म्हणून मी गावातल्या कृषी केंद्रवाल्या दादांना विचारलं की काउंटरवर हा नंबर लावाल का. ते म्हणाले, ताई, मोठ्या अक्षरात लिहून आणा, बिलावर पण शिक्का मारतो. शिक्का करायला टाकलाय. आता दूध डेअरी आणि ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलायचंय, तुमच्या गावात कोण तयार असेल तर कळवा.