अठरा सर्व्हेअर, एक ओलं गोदाम आणि अठरा आकडे

परवा एका मैत्रिणीने विचारलं, तुम्ही विम्याचे सर्व्हेअर लोक महिन्यातून एकदा संघटनेच्या मीटिंगला जाता ते करता काय नेमकं, क्लेम कसे कापायचे याचा क्लास असतो का. हसले मी, पण तिचं काही चुकलं नाही, बाहेरून तसंच दिसत असणार. नुकसान झालेल्या जागी जाऊन ते किती झालं याचा आकडा काढायचा, हे आमचं काम. ज्याचं दुकान जळलंय त्याच्या दृष्टीने मी म्हणजे पैसे कमी करायला आलेली बाई, आणि ज्या कंपनीने मला पाठवलंय तिच्या क्लेम डिपार्टमेंटला वाटतं ही जरा जास्तच उदार आहे. मृदंगासारखी गत, दोन्ही बाजूंनी थापा. म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकू.

तर आधी थोडक्यात, आमच्यात तीन जाती. एक कंपनीच्या पगारावरचे, दुसरे माझ्यासारखे स्वतंत्र, फाइलमागे फी घेणारे, आणि तिसरे काही देशांत असतात ते पॉलिसीधारकाच्या बाजूने भांडणारे, त्यांची फी बऱ्याचदा मिळालेल्या रकमेच्या टक्क्यात असते. या तिसऱ्यांना आमच्या संघटनेत घ्यायचं का यावर दोन मीटिंगा नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. माझं मत विचाराल तर ट्रेनिंगला बोलवा, मताचा हक्क देऊ नका, कारण ज्याची फी आकड्याबरोबर वाढते त्याने आकडा कसा काढावा याचे नियम ठरवायला बसू नये. पण समोरून एकाने लगेच विचारलं, आणि तुमची फी कोण देतं ताई? त्यावर मला काही बोलता आलं नाही, अजून नाही येत.

आता त्या गोदामाबद्दल. आमच्यातल्या एकाने नावं, पत्ते सगळं काढून एक जुनी फाइल आणली होती. वरच्या मजल्यावर आग, ती विझवताना मारलेलं पाणी स्लॅबमधून खालच्या गोदामात, तिथे तयार कपड्यांचे खोके छतापर्यंत रचलेले. आम्ही अठरा जण होतो, प्रत्येकाला तेच फोटो, तेच स्टॉक रजिस्टर, त्याच तीन खरेदीच्या पावत्या, एक तास वेळ, आणि चिठ्ठीवर नाव न लिहिता आकडा टाकायचा. सेक्रेटरी चिठ्ठ्या उघडून फळ्यावर लिहीत गेले आणि खोली हळूहळू गप्प होत गेली. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहानाच्या जवळपास अडीचपट होता. सगळे परवानाधारक, सगळ्यांना गणित येतं, बेरजेत कुणाचीच चूक नव्हती.

मग उकलायला बसलो. खालचे ओले खोके सगळ्यांनीच शंभर टक्के नुकसानीत धरले होते, तिथे वाद नाही. भांडण वरच्या खोक्यांचं, जे कोरडे होते पण धुरात राहिले होते. कुणी म्हणलं धुऊन इस्त्री करून विकता येतात, कुणी म्हणलं वास जात नाही, पूर्ण गेले समजा. नवीन लागलेला एक मुलगा फोटो मोठा करकरून बघत होता, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मॅडम त्याला म्हणाल्या, अरे बाळा फोटोला वास नसतो, जाऊन नाक घालावं लागतं खोक्यात. आणि मग सॅल्व्हेज, म्हणजे उरलेल्या मालाचे किती येतील, इथे तर ज्याच्या त्याच्या मनाला येईल तो टक्का. त्या दिवशी नशिबाने जळका-भिजका माल घेणारा एक व्यापारी पाहुणा म्हणून बोलावलेला होता, त्याने सांगितलं की मोठ्या ब्रँडचा माल असेल तर ब्रँडचा मालक लेबल कापून दे म्हणतो, कधी कधी नष्टच कर म्हणतो, त्यांच्या नावाने धुराचा वास बाजारात जायला नको असतो, आणि लेबल कापलेल्या शर्टाला मग काय भाव येणार. हे अठरापैकी तिघांनीच धरलं होतं. मी त्यात नव्हते.

त्या नवीन मुलाने शेवटी विचारलंच, पण सर खरा आकडा किती होता? फाइल आणणारे म्हणाले, तो अजून ठरायचाय, प्रकरण लवादात आहे.

मला विचाराल तर संघटनेचा सगळा व्यवहार दोनच प्रश्नांभोवती फिरतो, आधी काय झालं आणि उरलं किती. बाकी निवडणुका, वर्गणी, स्नेहसंमेलन, फोटोत कोण मध्ये उभं राहणार, ते सगळ्या संघटनांत असतं तसं आमच्यातही आहे, सोडून देते.

"आधी काय झालं" यावर आमच्यात जितकं बोललं जातं तितकं नवराबायकोत पण होत नसेल. अभ्यासवर्गात हमखास येणारी केस म्हणजे इकारिया नावाचं जहाज. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या जानेवारीत त्याला टॉर्पेडो लागला, तरी ते कसंबसं फ्रान्सच्या ले हाव्र बंदरात पोचलं, मग वादळ आलं, बंदरवाल्यांना भीती की हे बुडालं तर धक्का अडेल, म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला हलवायला लावलं, तिथे भरती-ओहोटीबरोबर ते तळाला टेकत राहिलं आणि शेवटी मोडून बुडालं. पॉलिसीत समुद्राचे धोके होते, युद्धाचे वगळलेले. मग बुडालं कशाने, वादळाने का टॉर्पेडोने? ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच) 1918 मध्ये सांगितलं, टॉर्पेडोने, वेळेच्या हिशेबाने शेवटचं कारण ते खरं कारण असं नसतं, परिणामाच्या दृष्टीने जे जोरकस ते कारण. शंभर वर्षं उलटली तरी आम्ही त्याच्यावर तास घालवतो, कारण रोजच्या फाइलमध्ये हेच असतं, फक्त टॉर्पेडोऐवजी गळका पाइप आणि वादळाऐवजी शेजाऱ्याने उघडी टाकलेली खिडकी.

2005 च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वारा धरलेला, पूर वगळलेला, पुराचा विमा वेगळा आणि तो सरकारी योजनेतला. किनाऱ्यावर कित्येक घरांचा फक्त काँक्रीटचा ओटा राहिला, वर काहीच नाही, आता सांगा छत आधी वाऱ्याने उडालं का भिंती आधी पाण्याने नेल्या. अशा वेळी आजूबाजूची झाडं कुठल्या दिशेला पडलीत, शेजारच्या उभ्या राहिलेल्या घरात पाण्याची रेघ किती उंचीवर आहे, वारा किती वाजता शिगेला होता आणि पाणी किती वाजता चढलं, असं जोडत बसावं लागतं. घरमालक समोर उभा असतो, त्याला यातलं काही ऐकायचं नसतं, त्याचं घर गेलेलं असतं.

आगीच्या बाबतीत मात्र भिंती बोलतात थोडं. अग्निशमन दलातले एक निवृत्त अधिकारी आमच्याकडे दर वर्षी येतात, त्यांचं सेशन कुणी चुकवत नाही. काँक्रीट साधारण 300 अंशांच्या वर तापलं की बऱ्याचदा गुलाबी पडतं, खड्यांमधल्या लोहामुळे, सगळ्या दगडांत होतं असं नाही पण झालं तर ढपली काढून किती खोलवर रंग गेलाय ते मोजता येतं आणि स्लॅब ठेवायचा का पाडायचा याचा पहिला अंदाज येतो. ॲल्युमिनियमची खिडकी वितळून गोळा झालीय म्हणजे तिथे 660 च्या आसपास गेलं होतं, पण तांब्याची वायर शाबूत आहे म्हणजे 1085 पर्यंत पोचलं नाही. मालक सांगत असतो मशीन आतून वितळलंय, आणि शेजारी वायर तशीच्या तशी. भांडायचं नाही, फोटो काढायचा.

अंडरइन्शुरन्सवर, म्हणजे किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरवण्यावर, मात्र आमच्यात कधीच एकमत नाही. मालाची किंमत 100, विमा उतरवलाय 60 चा, नुकसान 20 चं, तर मिळणार 12, कारण उरलेल्या 40 चा धोका तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला होता. गणित चौथीतलं, पण हे ऐकल्यावर माणसाचा चेहरा जो होतो तो मी खूप वेळा बघितलाय. काही जण म्हणतात हे सांगणं आपलं काम नाही, रिपोर्टमध्ये लिहायचं, कंपनी कळवेल. मी पहिल्याच भेटीत सांगते, शिव्या खाते आणि पुढे जाते, नंतर पत्रातून कळलं की माणूस आणखी पेटतो.

मोठा पूर किंवा वादळ आलं की संघटना खरी कामाला येते. एका आठवड्यात शेकडो फाइल, बाहेरगावचे सर्व्हेअर येतात, त्यांना इथलं काही माहीत नसतं. आमच्याकडे यादी आहे, कोण इंजिनीअरिंगचं बघतो, कोण मरीन म्हणजे जहाज-मालवाहतुकीचं, कोणाला धंदा बंद पडल्याच्या नुकसानीचा हिशेब येतो (हा हिशेब करणारे चारच जण आहेत आणि चौघंही भाव खातात, खाऊ देत). मागच्या वेळी एका विमा कंपनीने, नाव नाही घेत, दोन महिने फी अडकवली आणि वर विचारलं रिपोर्टला उशीर का, तेव्हा संघटनेने सगळ्यांच्या वतीने एक पत्र लिहिलं आणि तीन आठवड्यांत पैसे आले. एकटीने लिहिलं असतं तर पुढची फाइल आली नसती, हे सगळ्यांना माहितीये.

आणि हो, हल्ली प्रत्येक मीटिंगला ड्रोन आणि ॲप विकणारा कुणीतरी असतोच. फोटो टाका, आकडा मिळवा. गाडीच्या बंपरला ठीक आहे, छपरासाठी ड्रोन तर मी स्वतः वापरते, शिडीवरून पडण्यापेक्षा बरं. पण त्या विकणाऱ्याला मी गोदामाचे फोटो दाखवून विचारलं तुमचं ॲप धुराचा वास किती टक्के धरतं, तो म्हणाला पुढच्या व्हर्जनमध्ये.

आता माझी पाळी. मीटिंगच्या शेवटी एक अर्धा तास असतो, "माझी चूक" नावाचा, बाहेर काही सांगायचं नाही या अटीवर, पण स्वतःची चूक स्वतः सांगायला हरकत नाही. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट, कंटेनरमधून आलेली भिजलेली पोती बघायला गेले होते. दाराचं रबर फाटलेलं, चार दिवस पाऊस चालू, मी सरळ लिहून मोकळी झाले, पावसाचं पाणी. पॉलिसीला बी क्लॉज होता, म्हणजे मालवाहतुकीच्या विम्यातल्या ए, बी, सी अशा ठरलेल्या अटींपैकी मधला, त्यात कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं, नदीचं, तलावाचं पाणी चालतं, पाऊस चालत नाही. म्हणजे माझ्या एका शब्दाने त्या माणसाचा क्लेम जाणार होता. त्याने ओरडून दुसरा सर्व्हे मागवला, दुसरे आले ते आमच्याच संघटनेतले, त्यांनी पोत्याचा ओला तुकडा स्वच्छ पाण्यात पिळला आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठ. समुद्राचं पाणी. माझ्या बॅगेत ती बाटली नव्हतीच, दोन मिनिटांची टेस्ट होती.

हे सांगितल्यावर कुणी हसलं नाही. एकाने फक्त भर घातली की नळाच्या पाण्याने किंवा हाताच्या घामाने पण थोडं गढूळ होतं, आणि मालातच क्षार असेल, खत वगैरे, तर ही टेस्ट फसवते, म्हणून शेजारच्या कोरड्या पोत्याचा नमुना पण घ्यायचा आणि वाद असेल तर लॅबला पाठवायचं. मग त्याने स्वतःची चूक सांगितली, ती माझ्यापेक्षा मोठी होती, ती त्याची तो सांगेल.

तेव्हापासून बाटली असते, काळपट तपकिरी काचेची, उजेडात ते खराब होतं म्हणून. झाकण जरा सैल आहे. काल परत एका कंटेनरला जाऊन आले, आणि आत्ता हे टाइप करताना उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग दिसतायत, साबणाने जात नाहीत, चार-सहा दिवस राहतील. घरी विचारलं हे काय लावून घेतलंस, म्हणलं ऑफिस.