वाय-फाय, वायमॅक्स आणि पल्ल्याचा प्रश्न

वाय-फाय घरापुरते आणि वायमॅक्स, म्हणजे मनोऱ्यावरून दूरवर बिनतारी इंटरनेट पोहोचवणारे तंत्र, गावभर, अशी ढोबळ विभागणी एके काळी सर्रास केली जात असे. वायमॅक्सची ‘७० मेगाबिट वेग आणि ५० किलोमीटर पल्ला’ ही जाहिरात तर मला तेव्हाही खटकत असे, कारण हे दोन आकडे एकाच ग्राहकाच्या वाट्याला एकाच वेळी कधीच येत नसत. माझ्या मते या दोन तंत्रांतील खरा भेद अंतराचा नसून, बोलण्याची पाळी कोण ठरवतो, याचा आहे.

वाय-फायचे उपकरण आधी कानोसा घेते, शांतता असेल तर माहिती पाठवते आणि समोरून पोच येण्याची वाट पाहते. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. घरात हा वेळ नगण्य असला, तरी ३० किलोमीटरवर जाण्यायेण्यातच २०० मायक्रोसेकंद जातात, आणि तोवर धीर सुटलेले उपकरण पोहोचलेलीच माहिती पुन्हा पाठवू लागते. वायमॅक्समध्ये मात्र मनोराच सभेच्या अध्यक्षासारखा प्रत्येकाला वेळ नेमून देतो आणि अंतरामुळे होणारा उशीर त्यात आधीच धरतो.

म्हणूनच तमिळनाडूतील थेनीचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तेथील अरविंद नेत्र रुग्णालय ग्रामीण केंद्रांशी जोडताना बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी साधी वाय-फाय उपकरणेच वापरली. एकाच दिशेने लहरी सोडणाऱ्या अँटेना लावल्या आणि पाळीचा नियम सॉफ्टवेअरमध्ये बदलला. गावातला रुग्ण व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलू लागला. पुढे २००७मध्ये नेटवर्कतज्ज्ञ एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी व्हेनेझुएलात दोन डोंगरमाथ्यांदरम्यान ३८२ किलोमीटरचा वाय-फाय दुवा जोडून दाखवला. अर्थात मध्ये काहीही आड येत नव्हते, हे विसरून चालणार नाही.

परवान्याचा मुद्दा उरतोच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५पासून विनापरवाना खुला आहे, पण त्यात शक्तीवर मर्यादा आहे आणि शेजाऱ्याच्या गोंगाटाविरुद्ध दादही मागता येत नाही. वायमॅक्सला परवान्याच्या लहरींचे संरक्षण मिळू शकत होते, तरीही ते टिकले नाही: २०१०च्या लिलावात घेतलेल्या २.३ गिगाहर्ट्झच्या लहरींवर एअरटेलने २०१२मध्ये कोलकात्यात एलटीई, म्हणजे ४जी मोबाइल सेवेचे तंत्र, सुरू केले. पाळी नेमून देण्याची पद्धत मात्र एलटीईतही आहे, आणि वाय-फाय ६पासून घरातला राउटरदेखील काही प्रमाणात तेच काम करू लागला आहे.