अकरा मिनिटांचं रीळ

मालवणात आमच्या थिएटरात सहाचा खेळ कधी संपणार हे देवबागची गाडी ठरवायची. ती पावणेनऊला सुटे. ती चुकली की किनाऱ्याने चालत जा, आणि पावसाळ्यात तेही नाही. अर्धं थिएटर त्या गाडीचं असायचं. त्यामुळे वीज जावो नाहीतर पिक्चरच्या रिळांची पेटी उशिरा येवो, खेळ वेळेत गुंडाळणं ही ऑपरेटरची जबाबदारी, आणि त्यावर उपाय एकच, गाणी उडवायची. मी त्यात तरबेज होतो. नायिकेने झाडाला हात लावला की ओळखायचं, गाणं आलं. तिथून थेट गाणं संपून कुणीतरी दार उघडतं तिथे. खाली बाकड्यांवरून शिव्या यायच्या, पण गाडी मिळायची.

हे एवढं आधी सांगितलं, कारण १९८२ च्या आषाढात आमच्याकडे 'इत्तेफाक' लागला. त्यात गाणीच नाहीत.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६९ चा पिक्चर. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचा धाकटा भाऊ यश चोप्रा. मुळात गुजराती नाटक. महिनाभरात उरकलेला, जेमतेम पावणेदोन तासांचा, आणि यश चोप्रांना त्यावर फिल्मफेअर मिळालं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार, राजेश खन्ना, पावसाच्या रात्री पळतो आणि एका घरात घुसतो. घरात एकटी नंदा. रात्रीत केव्हातरी त्याला न्हाणीघरात एक प्रेत दिसतं. तिला दाखवायला नेतो तर प्रेत नाही. ती म्हणते, तुला वेड लागलंय. शेवट सांगणार नाही. आयुष्यभर लोकांना शेवटापर्यंत बसवून ठेवण्याचा पगार घेतला, आता फुकट सांगू कशाला?

हा पिक्चर मी आधी कोल्हापुरात असिस्टंट असताना चालवलेला होता. शुक्रवारी पेटी आली ती साडेपाचला, तिकीटखिडकी उघडल्यावर. नियम असा की प्रिंट आली की प्रत्येक रीळ रिवाइंडरवर हाताने फिरवायचं, कडेला बोट धरून. फाटलेली भोकं बोटाला लागतात, कच्चा जोड लागतो. त्या दिवशी ते करायला वेळ कुठला? डब्यावरचे खडूचे आकडे बघितले आणि त्याच क्रमाने लावून ठेवले. मागच्या गावच्या ऑपरेटरबद्दल मला दोन शब्द बोलायचेत. रिळाच्या सुरुवातीला लीडर असतो, त्यावर नंबर असतो. ह्या महाशयांनी लीडर फाटले म्हणून फेकून दिले होते, आणि रीळ बदलायची वेळ दाखवणारे उजव्या कोपऱ्यातले ठिपके स्वतःला दिसावेत म्हणून खिळ्याने एवढ्या मोठ्या फुल्या ओरखडल्या होत्या की पडद्यावर काजवे चमकल्यासारखं वाटे. असल्या माणसाच्या खडूवर मी विश्वास ठेवला. चूक माझीच, पण त्याचीही.

न्यूजरील संपवून सहा-वीसला पिक्चर सुरू केला. सात वाजता वीज गेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल घालणं मालकांच्या जिवावर यायचं. चाळीस मिनिटं अंधार. बाहेर पाऊस धो धो आणि पडद्यावरही पाऊसच पडत होता, त्यामुळे वीज गेली तरी पिक्चर चालूच आहे असं पहिली दोन मिनिटं काही लोकांना वाटलं, असं नंतर बुकिंगवाल्या अण्णांनी शपथेवर सांगितलं.

वीज आली. मालकांचा पोऱ्या वर आला, "एक उडवा म्हणतत." हिशेब मीही केलाच होता. हजार फुटांचं रीळ, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे अकरा मिनिटं. मध्यंतराची दहा मिनिटं धरून, एक रीळ गेलं तर आठ-चव्वेचाळीसला पडदा. पण उडवू कुठलं? गाणं असतं तर प्रश्नच नव्हता. आठवून बघितलं आणि सात नंबर निवडलं. माझ्या आठवणीप्रमाणे त्यात दोघं नुसती बोलत बसतात. पाचनंतर सहा लावलं, सात बाजूला ठेवलं.

सहाच्या डब्यात सात होतं आणि सातच्या डब्यात सहा.

मला हे कळलं ते केबिनच्या भोकातून पडदा बघताना. आर्क, म्हणजे यंत्रातला कार्बनच्या कांड्यांचा दिवा, पेटलेला असला की ऑपरेटरचं अर्धं लक्ष कार्बनवर असतं. कांड्या जळत जातात, मधलं अंतर सारखं ठेवावं लागतं, नाहीतर पडदा आधी पिवळा आणि मग तांबूस होतो. मी अंतर जुळवून डोकं वर केलं तर राजेश खन्ना ओरडतोय की इथे प्रेत होतं, आणि मी मनाशी म्हटलं, अरे, ते दाखवलंच कुठे? बाजूचा डबा उघडला, फिल्म बोटावर घेऊन दिव्यासमोर धरली. चार-पाच फुटांतच न्हाणीघर. मढं माझ्या हातात होतं. खाली साडेतीनशे माणसांनी ते बघितलेलंच नव्हतं.

आता मध्येच ते लावलं तर सगळाच गोंधळ. मी गप्प बसलो आणि खेळ पुरा केला. आठ-चव्वेचाळीस.

जिना उतरलो तर पाच-सहा जण वाट बघत उभे. मला वाटलं, पकडला गेलो. एकाने माझा दंड धरला, "सगळी गाणी कापलंस काय रे मेल्या? एक तरी ठेवूचा मां!"

मी सांगतोय की ह्यात गाणी नाहीतच, आणि कोण ऐकतंय? माझी कीर्तीच तशी. राजेश खन्नाचा पिक्चर आणि गाणं नाही, ही थाप त्यांना पटेना. गावातले एक मास्तर तर वितरकाला पत्र लिहिणार होते. प्रेताबद्दल एक चकार शब्द नाही. मी चोरी केली होती एक आणि आळ आला होता दुसऱ्याच चोरीचा.

नऊच्या खेळाला रिळं नीट लावली. आणि तिथून पुढचे चार दिवस जे झालं त्याची मजा मी आजही आठवतो. शुक्रवारी सहाचा खेळ बघितलेले बहुतेक देवबाग-तारकर्लीचे, नऊचा बघितलेले बाजारातले. शनिवारी एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या. देवबागवाले म्हणत, "तो येडो आसा. मढा-बिडा काय नाय, त्येच्या डोक्यात." बाजारवाले म्हणत, आम्ही डोळ्यांनी बघितलं. "खय बघलास?" "न्हाणयेत!" "आमी काय निजलेले?" एकाने तर असं ठरवलं की बाजारवाल्यांना भास झाला. नंदाची बाजू घेणाऱ्या म्हाताऱ्या वेगळ्याच. मास्टर विनायकांची मुलगी, 'छोटी बहन'मधली नंदा, ती खोटा बोलूची नाय. इन्स्पेक्टरचं नाव कर्वे आहे एवढ्यावर काही जण खूष होते, इफ्तेखार असला तरी कर्वे तो आपलाच.

सगळ्यात मार्मिक बोलला एक दशावतारी. पावसाळ्यात नाटकं बंद, त्यामुळे हे लोक शेती आणि पिक्चर. राक्षसाचं काम करणारा गडी. त्याने दोन्ही खेळ बघितले होते. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमी भाषणा उभ्या उभ्या बदलतो, तास-तास नाटक वाढवतो, कमी करतो. पण राक्षस येवचो तो येताच. तू राक्षसच खाल्लस." त्याला कळलं होतं, आणि तो कुणाला बोलला नाही. कलाकार माणूस.

इथवर हा नुसता किस्सा आहे आणि मी तो कित्येकदा हसत सांगितलाय. पुढचं सहसा सांगत नाही.

सोमवारी सकाळी मी यंत्र पुसत होतो. आरशावर कार्बनचे शिंतोडे उडतात, ते रोज पुसले नाहीत तर उजेड मरतो. खालून अण्णांनी हाक मारली, "देवबागची मावशी तुका विचारता." दारात पाटी ठेवून उभी होती. दर्या बंद, त्यामुळे पाटीत सुकी मासळी. चाळिशीची असेल. कपाळावर कुंकू मोठं, नुकतंच लावल्यासारखं.

"शुक्रवारी रीळ खाल्लस तू," ती म्हणाली.

मी म्हटलं, गाणी नसतातच ह्यात, मावशी.

"गाणी मरांदेत. मढा खय आसा?"

मला काही सुचेना. कुणाकडून कळलं म्हणून विचारलं. कुणाकडून नाही म्हणाली. "तो बघलंय म्हणता. तेना बघलेला तुमी दाखवक नाय. पैशे पुरे घेतलास. माका ता दाखव."

रात्री खेळ आहे, फुकट ये, म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, नऊच्या खेळानंतर गाडी नाही, आणि सगळा पिक्चर नको, तेवढंच हवंय. अण्णा मागून मला खुणावत होते, दाखव म्हणून. मालक सावंतवाडीला गेले होते.

एका प्रेक्षकासाठी मी यंत्र चालू केलं ते त्या एकदाच. आर्कला वीज देणारा रेक्टिफायर लावला, कांड्या टेकवून पेटवल्या, सहा नंबर चढवलं. ती बाकड्यावर बसली नाही. मधल्या वाटेत उभी राहून बघत होती, पाटी पायाशी. रिकाम्या थिएटरात आवाज घुमतो, सलील चौधरींचं पार्श्वसंगीत पत्र्याच्या पावसात मिसळून भलतंच वाटत होतं. पडद्यावर तो क्षण आला तेव्हा मी भोकातून पडदा बघितला नाही, तिला बघितलं. ती दोन पावलं पुढे गेली. मान जरा तिरकी केली. रस्त्यात पडलेलं नाणं आपलं आहे का बघतात तसं.

अकरा मिनिटं झाली. पांढरा पडदा. मी खाली आलो.

"ह्यो आत्ता मेलेलो," ती म्हणाली. "पाण्यातलो असो नसता."

मग पाटी उचलली, चुंबळ नीट केली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तेना बघल्यान म्हणता मां, मगे बघल्यान. नंतर नाय गावला म्हणान काय झाला?" सुक्या बांगड्यांचा एक वाटा तिने अण्णांच्या खिडकीत ठेवला. तिकिटाचे पैसे म्हणून असावा.

ती गेल्यावर अण्णा बोलले. आदल्या वर्षी नवरा होडी घेऊन गेला तो आला नाही. तिसऱ्या दिवशी हिने खाडीच्या मुखाशी, वाळूच्या बांधापलीकडे, त्याला पाण्यावर बघितला. सदरा ओळखला. हाका मारून माणसं गोळा केली, दोन होड्या गेल्या, काही नाही. बघणारी ती एकटी. पंचनाम्यात 'बेपत्ता'. अर्ध्या वाडीचं म्हणणं, दुःखाने डोकं फिरलं, लाकूड बघितलं असेल. सासरच्यांनी सांगितलं, मढं नाही तर कुंकू पुसायचं नाही. ती रोज लावते. पुढे एका वकिलाकडून कळलं की तेव्हाच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात १०८ कलम होतं, सात वर्षं माणसाची काही खबर नसली तर तो मेला असं धरता येतं. म्हणजे तेव्हा तिची सहा वर्षं बाकी होती.

मी पुष्कळ विचार केला, तिला ते दाखवायला नको होतं का? अण्णा म्हणायचे, बरं केलंस. माझी बायको म्हणते, तिने मागितलं, तू दिलंस, तिकीट तिने काढलं होतं. मला छळतं ते वेगळंच. शुक्रवारच्या खेळाला साडेतीनशे माणसं होती, सगळ्यांनी तोच कापलेला पिक्चर बघितला, आणि प्रेत असणार असं म्हणणारी एकटी ती. बाकीच्यांनी पडद्यावर दिसलं नाही म्हणून नाही म्हटलं. ती बरोबर होती की चूक, हे सांगितलं तर शेवट फुटेल.

मंगळवारी नवा पिक्चर येईपर्यंत प्रिंट आमच्याकडेच होती. मी सगळी रिळं रिवाइंडरवर फिरवली, कच्चे जोड फिल्म चिकटवायच्या सिमेंटने पक्के केले, सहा सहाच्या डब्यात आणि सात सातच्या डब्यात घातलं. जुन्या फिल्मचे तुकडे जोडून दहाही रिळांना नवे लीडर लावले, त्यावर टाचणीने आकडे कोरले. पेटी एसटीत चढवली.

कार्बनचा हिशेब मालक दर आठवड्याला बघत. किती कांड्या, किती खेळ. सोमवारची अर्धी कांडी जास्तीची होती. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'तुटली.'