विदर्भातल्या उन्हाळ्यातली बॅटरी-नोंद : मार्च ते जून

मार्च : मापाची पद्धत

बॅटरी किती उरली आहे हे टक्क्यांवर ठरवायला गेलं की गोंधळ होतो. टक्का हा फोनच्या आतल्या मोजणी-चिपचा अंदाज असतो आणि तो सरकतो. म्हणून या नोंदीत मूळ माप वॅट-तासाचं धरलं आहे. चार्जर आणि फोन यांच्या मध्ये लावायचा यूएसबी मीटर त्यासाठी पुरतो. त्यावर व्होल्ट, अँपिअर, एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि वॅट-तास हे चारही आकडे दिसायला हवेत.

आधी कागदावरचं गणित. ५००० एमएएचची बॅटरी आणि तिचा सरासरी व्होल्टेज ३.८७ धरला, तर साठा १९.३५ वॅट-तास. त्यातले २० ते ८० टक्के, म्हणजे साधारण ११.६ वॅट-तास. चार्जिंगमध्ये थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. बॅटरीत ८५ टक्के पोचतात असं मानलं तर मीटरवर १३.६ च्या आसपास आकडा यायला हवा.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तेच १३.६ वॅट-तास ९ व्होल्टवर दिले तर मीटरच्या एमएएचच्या रकान्यात १५०० च्या जवळपास दिसतं, आणि ५ व्होल्टवर २७०० च्या पुढे. बॅटरीत मात्र दोन्ही वेळा ३००० एमएएच गेलेले असतात. ९ व्होल्टवरचे १५०० बघून ‘बॅटरी अर्धी गेली’ असं ठरवणारे पुष्कळ आहेत. एमएएचचा रकाना सोडून द्या, वॅट-तासच लिहा.

मोजणीची रीत ठरली ती अशी. फोन २० टक्क्यांवर आणायचा, तासभर तसाच पडू द्यायचा, तेव्हाचा व्होल्टेज लिहून घ्यायचा आणि फोन बंद करायचा. मीटर शून्यावर आणून साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करायचा. चार्जर, केबल आणि खोली दर महिन्याला तीच हवी. फोन चालू ठेवला तर स्क्रीन आणि नेटवर्कचा खर्चही मीटरवर चढतो आणि आकडा फुगतो. ८० च्या वर नेऊ नये, कारण तिथून पुढे करंट हळूहळू उतरत जातो आणि नेमकं कुठे थांबलो हे सांगणं अवघड होतं.

व्होल्टेज कुठून बघायचा? काही अँड्रॉइड फोनवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकलं की बॅटरीची माहिती उघडते. कॉम्प्युटरला जोडून एडीबीमधून, म्हणजे फोनला कॉम्प्युटरवरून कमांड द्यायच्या अँड्रॉइडच्या साधनातून, ‘डंपसिस बॅटरी’ चालवलं तर जास्त तपशील मिळतो. तिथे तापमान दशांशात असतं, म्हणजे ३८५ दिसलं तर ३८.५ अंश. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये असतो. मागच्या महिन्यात २० टक्क्यांना जो व्होल्टेज होता त्यात या महिन्यात ३० मिलिव्होल्टहून जास्त फरक पडला, तर टक्का सरकला आहे असं समजावं आणि त्या महिन्याचा आकडा तुलनेत धरू नये.

नव्या फोनला पहिल्याच मोजणीत ९७ टक्के क्षमता दिसली तर घाबरू नका. डब्यावर ठळक छापलेला ५००० हा सरासरी आकडा असतो. हमीचा किमान आकडा त्याहून थोडा कमी असतो आणि तो बारीक अक्षरात असतो.

एप्रिल : तापमान

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे एप्रिलच्या शेवटापासून पारा ४० च्या वर स्थिरावतो आणि मे महिन्यात ४५ ओलांडतो. खोलीत पंख्याखाली ३६-३७ अंश ही रोजची गोष्ट. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालच्या हवेची शिफारस ० ते ३५ अंश अशी केली आहे. म्हणजे आपला उन्हाळा त्या मर्यादेच्या बाहेरच सुरू होतो. या भागात बॅटरी लवकर थकण्याचं पहिलं कारण ऊन आहे आणि चार्जरचा नंबर त्यानंतर लागतो, असं आमचं ठाम मत आहे.

आत काय होतं ते थोडक्यात. लिथियम-आयन बॅटरीत ग्राफाइटच्या बाजूवर एक पातळ थर धरलेला असतो. हा थर हवाच असतो, कारण तो नसेल तर आतला द्रव ग्राफाइटशी सतत अभिक्रिया करत राहील. पण उष्णता वाढली की थर जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम म्हणजे गेलेली क्षमता. बॅटरी भरलेली असताना व्होल्टेज जास्त, म्हणून हीच झीज आणखी वेगाने होते. गरम आणि भरलेली, ही जोडी सगळ्यात वाईट. गरम पण अर्धी भरलेली बॅटरी त्या मानाने बरीच सुरक्षित.

एप्रिलमध्ये चार्जिंगच्या जागा बदलून बघितल्या. गादी आणि उशी बाद, कारण फोनच्या पाठीची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. लाकडी टेबल ठीक. शहाबादी किंवा कोटा फरशीवर कव्हर काढून फोन पालथा न घालता सरळ ठेवला, तर पाठ फरशीला टेकते आणि उष्णता दगडात उतरते. जाड रबरी कव्हर चार्जिंगपुरतं काढणं हा फुकटचा आणि सगळ्यात कामाचा उपाय आहे.

कूलरबद्दल सावध राहा. वाळ्याच्या कूलरची हवा थंड असते तशी दमटही असते. थेट झोतात फोन ठेवला की पोर्टमध्ये ओल जाते. पंख्याची हवा पुरते. फोन फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. बाहेर काढल्याबरोबर गरम हवेतली वाफ आतल्या बोर्डावर पाणी होऊन बसते.

चार्जिंगची वेळ पहाटे पाच-सहाची ठरवली, कारण चोवीस तासांत हवा तेव्हा सगळ्यात थंड असते. दुपारी दोनला फास्ट चार्जिंग लावलं तर फोन स्वतःच करंट कमी करतो. साधारण ४५ अंशांच्या वर पूर्ण वेगाने चार्ज करू नये हा या क्षेत्रातला जुना नियम आहे आणि बरेच फोन त्याच्या आधीच हात आखडता घेतात. चार्जर ६७ वॅटचा असूनही दुपारी तास-दीड तास लागतो तो यामुळे. चार्जर खराब झालेला नसतो.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांचा फोन हा सगळ्यात अवघड प्रकार. हँडलच्या होल्डरवर ऊन थेट, स्क्रीनचा उजेड पूर्ण, जीपीएस सतत चालू आणि गाडीच्या यूएसबीवरून चार्जिंग, अशी चार बाजूंनी उष्णता. त्यावर पारदर्शक पाऊच घातला की हवाही बंद. इथे एकच बदल सुचवतो : चालत्या गाडीवर चार्जिंग बंद. पॉवर बँक पिशवीत ठेवावी आणि सावलीत थांबल्यावर फोन पाऊचबाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं लावावा. रोज २० ते ३० टक्के असे दोन-तीन वेळा भरले तरी चालतं. सायकल, म्हणजे बॅटरीची एक पूर्ण भरणी, बेरजेने मोजली जाते. ५० टक्के दोनदा भरले तर एकच सायकल.

मे : ८० टक्क्यांची मर्यादा

सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शनखाली ‘मॅक्झिमम’, आयफोन १५ पासून पुढे ८० टक्क्यांची मर्यादा, पिक्सेलमध्येही तशीच सोय. आयओएस १८ मध्ये ८० ते १०० च्या मध्ये ५-५ च्या टप्प्याने निवडता येतं. सोय असेल तर उन्हाळाभर लावून ठेवावी. रात्रभर फोन लावून ठेवण्यात ‘जास्त चार्ज’ होण्याची भीती नसते, चार्जिंग आपोआप थांबतं. नुकसान होतं ते गरम खोलीत सहा-सात तास १०० टक्क्यांवर पडून राहिल्याने. मर्यादा लावली की तो प्रश्नच मिटतो.

एक अडचण मात्र येते. महिनोन्‌महिने ४० ते ८० मध्येच फोन राहिला की मोजणी-चिपला दोन्ही टोकं दिसत नाहीत आणि टक्का चुकायला लागतो. मग १५ टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडतो. दीड-दोन महिन्यांतून एकदा, थंड वेळ बघून, १०० पर्यंत न्यावा आणि लगेच वापरायला घ्यावा. आयफोन ८० च्या मर्यादेतही अधूनमधून स्वतःहून १०० पर्यंत जातो तो याचसाठी, बिघाड समजू नये.

सायकलचा अंदाज : आयफोन १५ साठी कंपनीने आदर्श परिस्थितीत १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता सांगितली आहे, त्याआधीच्या मॉडेलना ५०० होत्या. युरोपात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना ८०० सायकलनंतर किमान ८० टक्क्यांची अट आहे. रोज ८० वरून ३० पर्यंत वापर म्हणजे अर्धी सायकल, म्हणून ८०० सायकल व्हायला १६०० दिवस, चार वर्षांहून जास्त. आपल्याकडे उन्हाळे धरून तेवढं मिळेल असं मानू नये, पण उद्दिष्ट म्हणून आकडा चांगला आहे.

लाईट जाण्याच्या भीतीने दिवसभर फोन १०० वर ठेवायची सवय खेड्यापाड्यांत आहे. त्याऐवजी पॉवर बँक भरून ठेवावी. पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडतो त्याने चांगल्या ॲडॉप्टरला काही होत नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. पण सैल एक्स्टेन्शन बोर्डात ठिणगी पडत असेल तर बोर्ड आजच बदला.

जून : केबल आणि पोर्ट

पाऊस सुरू झाल्यावर हळू चार्जिंगच्या तक्रारी वाढतात आणि दोष बॅटरीवर जातो. आधी केबल तपासा. २८ गेजच्या पातळ तारेला एक मीटर लांबीत साधारण ०.२१ ओहम रोध असतो. जायची-यायची दोन्ही तार धरून एक मीटर केबलमध्ये ०.४३. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात, ५ व्होल्टचे फोनला ४.१५ मिळतात आणि फोन करंट कमी करतो. २४ गेजच्या जाड तारेत हीच घट ०.३४ व्होल्ट. ९ व्होल्टच्या चार्जरला तीच पातळ केबल चालून जाते, कारण ९ मधून ०.८५ गेले तरी फारसं बिघडत नाही. ‘साध्या चार्जरवर केबल खराब, मोठ्या चार्जरवर चांगली’ हे कोडं असं सुटतं.

आता पोर्ट. टॉर्च धरून आत बघा. खिशातला कापूस पिन घालता-घालता तळाशी दाबला जातो, करड्या नमद्यासारखा घट्ट होतो आणि प्लग पूर्ण आत बसत नाही. प्लगच्या धातूची एखादी मिलिमीटरची रेघ बाहेर दिसत असेल तर हेच कारण. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने कडेकडेने हळूच उकरावं. टाचणी, सेफ्टी पिन बिलकुल नको, मधली जीभ नाजूक असते. ओला पोर्ट चार्जिंगला लावला तर व्होल्टेज असलेली पिन काळी पडते आणि ती पुन्हा उजळत नाही. ओलाव्याची सूचना आली की पोर्ट खाली करून फोन झटकावा आणि हवेवर वाळू द्यावा. हेअर ड्रायर नको.

पाठ उचलली गेली आहे, स्क्रीनच्या कडेला फट दिसते, टेबलावर फोन डुलतो, यातलं काहीही दिसलं तर मोजणी तिथेच थांबवावी. बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. सर्व्हिस सेंटरला बदलून घ्यावी आणि जुनी ई-कचऱ्यातच द्यावी. नवी घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्यावा.

जुलैपासून खोली ३० अंशांच्या खाली आली की मार्चचीच मोजणी त्याच चार्जर-केबलने पुन्हा करायची आहे. एप्रिल-मेचे आकडे मार्चशी थेट ताडून बघू नयेत. गरम बॅटरीचा आतला रोध कमी असतो, त्यामुळे तेवढ्यापुरता आकडा बदलतो. उन्हाळ्याने खरोखर किती घेतलं ते मार्च आणि जुलैच्या वॅट-तासांच्या फरकातच कळेल.